व्हायरल लोड चांगला, पण एसजीपीटी ८४: माझं एक वर्ष

मी ४७ वर्षांची आहे, पतसंस्थेत हिशेबाचं काम करते आणि २०१२ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टवर गेली कित्येक वर्षं एकच उत्तर येतं, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही. आमच्यातल्या कुणालाही हे तीन शब्द वाचले की बाकीचा कागद वाचायची गरज वाटत नाही. पण फेब्रुवारी २०२४ ते मार्च २०२५ हे वर्ष माझं त्या बाकीच्या कागदातच गेलं: यकृताचे आकडे एसजीपीटी, एसजीओटी आणि जीजीटी, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि साखर. या काळात मला मराठीत वाचायला जवळपास काहीच मिळालं नाही. एआरटी सेंटरच्या बाकावर मात्र भीती घालणाऱ्या गोष्टी भरपूर मिळाल्या. म्हणून जे जसं झालं ते क्रमाने लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. इथले आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे असतील.

मागचं थोडं सांगते. मला आणि यांना एकाच आठवड्यात कळलं, आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात. तेव्हा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, ३५०च्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू करत नसत. ‘निदान झालं की लगेच उपचार’ हे धोरण २०१७ मध्ये आलं. माझं औषध सुरू झालं ते झिडोव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेविरापीन. झिडोव्हुडीनने हिमोग्लोबिन घसरलं म्हणून टेनोफोव्हिर दिलं, पुढे नेविरापीन जाऊन इफाविरेन्झ आलं आणि २०२१ मध्ये सगळ्यांबरोबर माझीही गोळी बदलून टीएलडी झाली, म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम, दिवसाला एक गोळी. इफाविरेन्झची ती रात्रीची चक्कर आणि चित्रविचित्र स्वप्नं गेली. मला फार बरं वाटलं. भूक लागायला लागली, अंग भरलं. ज्यांनी आपली माणसं हाडाचा सापळा होताना पाहिली आहेत, त्यांना अंग भरणं ही आनंदाचीच गोष्ट वाटते. वजन ५८ होतं, ते ६९ झालं. घरात सगळे म्हणाले, तब्येत सुधारली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सहामाही रक्त दिलं. तीन महिन्यांच्या गोळ्या घ्यायला गेले तेव्हा डॉक्टर मॅडमनी हिरवं पुस्तक, म्हणजे माझ्या नोंदींची वही, उघडलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ त्याच पानावर थांबल्या. एसजीपीटी ८४. त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि मागच्या ओळी दाखवल्या: २०२१ मध्ये २६, २०२२ मध्ये ३३, २०२३ च्या फेब्रुवारीत ४४, ऑगस्टमध्ये ५९. “एकट्या ८४कडे बघू नका ताई, ही चढण बघा,” असं त्या म्हणाल्या. हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या मला ती भाषा लगेच समजली.

तेव्हा मला त्यांनी जे समजावलं ते आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एसजीपीटी, ज्याला एएलटीही म्हणतात, हे यकृताच्या पेशींच्या आत काम करणारं एन्झाइम आहे. पेशी दुखावली की ते रक्तात झिरपतं. म्हणजे रक्तातला आकडा वाढला तर पेशींना काहीतरी त्रास होतोय एवढंच कळतं. त्रास कशाने होतोय ते तो आकडा सांगत नाही. यकृत काम किती करतंय तेही सांगत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ बघतात. माझे ते सगळे चांगले होते. एसजीओटी म्हणजे एएसटी यकृताबरोबर स्नायूंमध्ये आणि हृदयातही असतं, त्यामुळे दोन्ही वाढले तर स्नायूंकडेही बघावं लागतं.

घरी येताना एसटीत माझ्या डोक्यात यातलं काहीच नव्हतं. ‘लिव्हर’ एवढा एकच शब्द होता. बाकावर नेहमी ऐकलेलं वाक्य आठवत होतं, की या गोळ्या रोग दाबतात पण लिव्हर खातात. आमच्या सेंटरला एक बाई येतात, त्यांनी याच भीतीने मध्ये गोळ्या सोडल्या होत्या आणि मग टीबी होऊन दवाखान्यात पडल्या. मी मॅडमना निघताना विचारलंच होतं, “गोळी थोडे दिवस थांबवू का?” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, “ही गोळी तुमच्या मनाने एक दिवसही थांबवायची नाही. थांबवायची वेळ आलीच तर ते मी सांगेन.” कारणही सांगितलं. गोळी थांबली की विषाणू परत वाढतो, हे आपल्याला माहीत असतं. पण ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यात टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडीन तो विषाणूही दाबून ठेवत असतात. ही औषधं अचानक बंद केली तर हिपॅटायटिस उसळून यकृताला खरोखरच धोका होतो. यकृत वाचवायला म्हणून गोळी सोडायची आणि त्यातूनच यकृत गमवायचं, असं होऊ शकतं. हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं.

मग प्रश्नोत्तरं झाली. दारू? नाही. टीबीचं औषध किंवा टीबी होऊ नये म्हणून देतात ते आयसोनियाझिड सध्या चालू आहे का? माझा तो सहा महिन्यांचा कोर्स कधीच संपला होता. दुखण्यावरच्या गोळ्या? कधीतरी. जिमची पावडर? नाही. काढा, चूर्ण, गुळवेल? करोनानंतर आमच्याकडे घरोघरी गुळवेलीचा रस पीत होते, म्हणून त्यांनी हे मुद्दाम विचारलं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता हेही मॅडमनी सांगितलं. पण कारण शोधायचं तर जे जे पोटात जातं ते सगळं टेबलावर आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून घेऊन जा. नावं आठवत बसण्यापेक्षा ते सोपं जातं, आणि लपवण्यासारखं त्यात काही नसतं. माझ्या पिशवीत गुडघ्यासाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्या निघाल्या, त्याचं पुढे सांगते.

तपासण्या तिथून सुरू झाल्या. हिपॅटायटिस बी आणि सी सेंटरच्याच चिठ्ठीवर मोफत झाल्या, दोन्ही निगेटिव्ह. बाकीच्या उपाशीपोटी करायच्या होत्या. मला सुट्टी मिळणं अवघड होतं म्हणून मी त्या गावातल्या खासगी लॅबमध्ये केल्या. सगळं मिळून १,४५० रुपये गेले. उपाशी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर बारा तास, पाणी चालतं, चहा चालत नाही. माझ्या आधीच्या लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, रिपोर्ट चहा पिऊन दिलेल्या रक्ताचा होता का, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून तो बाजूला ठेवला. मार्चमध्ये नवा रिपोर्ट आला: एसजीपीटी ८१, एसजीओटी ५८, जीजीटी ७२, ट्रायग्लिसराइड २४८, चांगलं कोलेस्टेरॉल एचडीएल ३४, वाईट एलडीएल १२८. उपाशीपोटीची साखर १२१, दोन तासांनंतरची १६२.

पण एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ५.६ आली. लॅबच्या कागदावर त्याच्यासमोर ‘नॉर्मल’ छापलेलं. मला हायसं वाटलं. मॅडमना नाही वाटलं. एचबीए१सी तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते, आणि एचआयव्ही असलेल्या माणसात, विशेषतः काही औषधांवर, ती खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकते. म्हणून आपल्यासाठी उपाशीपोटीची साखर जास्त भरवशाची. १२१ म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याचा उंबरठा. एचबीए१सी चांगली आली म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवलं तर उपाशीपोटीची साखर करून मागा.

त्या लॅबमधली एक गोष्ट लिहिणं भाग आहे. पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठीवरचं एआरटी सेंटरचं नाव वाचलं आणि मागे रांग उभी असताना मोठ्याने विचारलं, “तुम्ही एचआयव्हीच्या पेशंट का?” पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. आमच्या पतसंस्थेचे खातेदार त्या रांगेत असू शकत होते. मी “आत जाऊन बोलू” एवढंच म्हटलं, आणि रक्त दिल्यावर लॅबच्या मालकांना भेटून शांतपणे सांगितलं, की २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि माझ्या संमतीशिवाय माझी स्थिती उघड करता येत नाही. त्यांनी माफी मागितली. पुढच्या वेळेपासून मी सेंटरच्या ताईंकडून फक्त तपासण्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहून घेतली. समुपदेशक ताई हे आनंदाने करतात. लॅबला कारण कळण्याची गरज नसते. डॉक्टरांना मात्र कळलंच पाहिजे, कारण औषधं एकमेकांत अडकतात.

सोनोग्राफीला १,००० रुपये लागले. ‘ग्रेड दोन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी साठलेली. मॅडमनी मग मला मिरजेच्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही. माझी अडचण दुसरीच होती: एका नव्या माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं बोलायचं. आदल्या रात्री झोप लागली नाही. हे म्हणाले, “अगं, मी येतो आत. तू नको बोलू, मी सांगतो.” आत गेल्यावर मीच सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, कुठली गोळी आहे ते विचारलं आणि लिहून घेतलं. बस, एवढंच. फी ७०० रुपये.

त्यांनी आधी सीपीके करायला लावलं, ३५० रुपये. हे स्नायूंमधलं एन्झाइम. ते वाढलेलं असतं तर एसजीओटीचं कारण स्नायूंमध्ये शोधावं लागलं असतं. जोराचा व्यायाम केल्यावरही काही दिवस सीपीके, एसजीओटी आणि थोडंफार एसजीपीटीसुद्धा वाढतं, म्हणून रक्त द्यायच्या आधी दोन-चार दिवस जड कष्टाचं काम टाळायचं. हे विशेषतः शेतात राबणाऱ्यांनी आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं. माझं सीपीके नॉर्मल आलं. म्हणजे प्रश्न यकृताचाच.

मग त्यांनी कागदावर एक गणित केलं, ते मला फार आवडलं, कारण त्याला वेगळी तपासणी लागत नाही. त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचं. त्याला प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ, याने भागायचं. प्लेटलेट हजारात घ्यायच्या: कागदावर २.१० लाख असतील तर २१०. माझं वय तेव्हा ४६. ४६ गुणिले ५८ म्हणजे २,६६८. ८१चं वर्गमूळ ९, गुणिले २१० म्हणजे १,८९०. भागाकार १.४१. उत्तर १.३च्या खाली असेल तर यकृतात जास्त व्रण पडलेले असण्याची शक्यता कमी, २.६७च्या वर असेल तर काळजीचं. मी मधल्या पट्ट्यात. म्हणून फायब्रोस्कॅन.

फायब्रोस्कॅनची मला सोनोग्राफीपेक्षा जास्त धास्ती होती, आणि प्रत्यक्षात तो त्याहूनही सोपा निघाला. एप्रिलमध्ये केला, ३,००० रुपये. कधीकधी शिबिरांमध्ये मोफत होतो, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही असतो, विचारून घ्या. किमान तीन तास पोट रिकामं हवं. पाठीवर झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, आणि बरगड्यांच्या मधल्या जागेवर एक दांडीसारखं यंत्र ठेवतात. कुणी बोटाने टिचकी मारावी तसं वाटतं, दहा-बारा वेळा. दहा मिनिटांत संपलं. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची पडते. रिपोर्टवर दोन आकडे येतात. एक किलोपास्कलमध्ये, यकृत किती कडक आहे त्याचा, माझा ६.४. आठच्या खाली असला की पुढच्या टप्प्याचे व्रण नाहीत असं धरतात. दुसरा चरबीचा, माझा २९६, म्हणजे चरबी भरपूर. डॉक्टर म्हणाले, “चरबी आहे, सूज आहे, पण यकृत मऊ आहे. इथून परत येता येतं.” मी तिथेच रडले. यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली आणि काही बोलले नाहीत.

हे सगळं माझ्याच वाट्याला का, हे मी दोन्ही डॉक्टरांना विचारलं. एकाच चुलीवरचं आम्ही दोघं खातो, दोघांना एकच गोळी, आणि यांचं एसजीपीटी २८. दोघांनीही एकच एक कारण सांगितलं नाही, आणि मला ते प्रामाणिक वाटलं. विषाणू दबलेला असला तरी शरीरात थोडी सूज धुमसत राहते. पूर्वीच्या काही औषधांनी, झिडोव्हुडीन त्यातलंच, पेशींच्या ऊर्जाकेंद्रांना त्रास दिलेला असतो. इफाविरेन्झने रक्तातली चरबी वाढते. डोल्युटेग्राव्हिरवर अनेकांचं वजन वाढतं, बायकांचं जास्त. आफ्रिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ते २०१९ मध्येच दिसलं होतं. आणि याशिवाय जे इतर कुणालाही असतं ते आहेच: वय, पाळी जाण्याचा काळ, माझ्या आईचा मधुमेह, दिवसभर खुर्चीवर बसून काम. आपल्या भारतीय लोकांमध्ये पोटावरची चरबी कमी वजनालाही त्रास देते. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०च्या. माझी ९६ होती. लॅबच्या कागदावर एसजीपीटीची मर्यादा ४० छापलेली असते, पण अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात बायकांसाठी ती १९ ते २५ धरली आहे. म्हणजे माझे ३३ आणि ४४ सुद्धा बोलत होते.

मग गोळी बदलावी का? हा प्रश्न मी एआरटीच्या मॅडमना पुन्हा विचारला. त्यांनी घाई केली नाही. विषाणू उत्तम दबलेला आहे, गोळी सोसते आहे, आणि औषध बदललं म्हणून वजन उतरेलच याची खात्री नसते. गोळी तीच ठेवायची ठरली. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी त्यांना दाखवली आणि त्यांनी ती हिरव्या पुस्तकात चिकटवली. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्याने हे नक्की करावं. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याने वाचलं पाहिजे.

त्या भेटीत त्यांनी औषधांच्या वेळाही लावून दिल्या. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या यांनी डोल्युटेग्राव्हिर शोषलं जात नाही. त्यामुळे टीएलडी या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. कॅल्शियम किंवा लोह असेल तर जेवणासोबत दोन्ही एकत्रही चालतात, रिकाम्या पोटी मात्र नाही. पित्ताच्या औषधाला ही सवलत नाही. मी आता टीएलडी रात्री नऊला घेते आणि कॅल्शियम दुपारच्या डब्यासोबत. दुसरं, पुढे कधी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू झालंच तर डोल्युटेग्राव्हिरमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून दिलं. तिसरं, डोल्युटेग्राव्हिरवर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा, किंचित वाढलेलं दिसतं, ते मूत्रपिंडातून बाहेर टाकण्याच्या पद्धतीतल्या फरकामुळे. पण टेनोफोव्हिर खरोखर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून तो आकडा आपण समजून सोडून द्यायचा नसतो, डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं.

मे महिन्यात कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन जातीची गोळी, अॅटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू झाली. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण औषधाच्या कागदावरच लिहिलेलं होतं की यकृताची एन्झाइम वाढू शकतात. आधीच वाढलेली, त्यात आणखी? मॅडमनी मला रिप्रीव्ह नावाच्या चाचणीबद्दल सांगितलं. बारा देशांतले ७,७६९ एचआयव्ही असलेले लोक, वय ४० ते ७५, हृदयविकाराचा धोका वरवर फार नसलेले. अर्ध्यांना पिटाव्हास्टॅटिन, अर्ध्यांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. २०२३ मध्ये निकाल आला: स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी. आपल्यासारख्यांच्या अंगावर झालेली चाचणी, त्यात भारतही होता, हे ऐकून मला एकदम धीर आला. आणि फॅटी लिव्हर हे स्टॅटिन न देण्याचं कारण नाही, एवढंच की सुरुवातीला लक्ष ठेवायचं. जनऔषधी दुकानातून घेतली तर महिन्याचा खर्च अगदी किरकोळ येतो. एक खबरदारी मात्र: तुमच्या औषधांत रिटोनाव्हिर असेल, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं एआरटी, तर प्रत्येक स्टॅटिन चालत नाही. सिमव्हास्टॅटिन तर मुळीच नाही. दुकानदाराने ‘त्याच जातीची आहे’ म्हणून दिलेली बदली गोळी घेऊ नका. लिव्हर टॉनिकचंही तसंच. दुकानदाराने मला दोन बाटल्या दाखवल्या होत्या, डॉक्टरांनी एकही नको म्हणून सांगितलं.

खरं औषध होतं वजन. पाच टक्के उतरलं तर चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही. मला पाच किलो उतरवायचं होतं, तेही सावकाश. उपास करून झपाट्याने उतरवलं तर यकृताला उलट त्रास होतो.

इथे मला कुणी मोठा आहारतक्ता दिला नाही, सेंटरच्या ताईंनी फक्त दिवसभरात काय खाता ते लिहायला लावलं. लिहिल्यावर दिसलं, की जेवण ठीकच आहे. गडबड मधल्या वेळेत आहे. आमच्या पतसंस्थेत दिवसातून तीन-चारदा चहा होतो, आणि सांगलीकडच्या माणसाच्या टेबलाच्या खणात भडंगाचा डबा असतोच. वर घरचे बेदाणे, गूळ-शेंगदाणे. गूळ साखरेपेक्षा चांगला, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. यकृताला दोन्ही सारखेच. चहा बिनसाखरेचा करायला मला महिना लागला आणि तो महिना वाईट होता, डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. भडंगाऐवजी फुटाणे आणि काकडी न्यायला लागले. रात्रीचा भात बंद केला, जोंधळ्याची एक भाकरी, वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, एक अंडं, ताक. गोडं तेल महिन्याला किती लागतं ते मोजायला लागले. सकाळी आम्ही दोघं आमराईत चालायला जाऊ लागलो, पाऊण तास, घाम येईल असं. गुडघा दुखायचा तेव्हा कमी चालायचं पण जायचंच.

लोक काय म्हणतात हा भाग सोपा नव्हता. आमच्या समाजात वजन उतरलं की संशय येतो. जाऊबाई म्हणाल्या, “काय गं, परत आजारी आहेस का?” ज्यांना माझं माहीत आहे त्यांच्या डोळ्यांत २०१२ दिसलं. मी त्यांना फायब्रोस्कॅनचा कागद दाखवला आणि सांगितलं, की डॉक्टरांनी उतरवायला लावलंय. ज्यांना माहीत नाही त्यांना ‘साखर वाढलीय’ म्हटलं की पुरतं. ते खरंही आहे.

जुलैमध्ये एसजीपीटी ६० आला, सीपीके नॉर्मल, वजन ६६. अॅटोरव्हास्टॅटिनने काही बिघडवलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर, वजन ६७ आणि एसजीपीटी ५२. वजन चढूनही आकडा उतरला म्हणून मी खूश होते, मॅडम म्हणाल्या की वजन परत खाली आणा, नाहीतर फार दिवस असं चालणार नाही. डिसेंबर-जानेवारीत लग्नसराई, त्यात मला जमेल तेवढं सांभाळलं. मार्च २०२५ चे आकडे: एसजीपीटी ४१, एसजीओटी ३३, जीजीटी ३८, ट्रायग्लिसराइड १५६, एचडीएल ३९, एलडीएल ८४, उपाशीपोटीची साखर १०४, वजन ६४. फिब-४ मी स्वतः काढला, वाढलेल्या वयासकट १.१०. व्हायरल लोड नेहमीसारखाच.

वर्षभरात खिशातून सगळं मिळून दहा हजारांच्या आसपास गेले, त्यात सगळ्यात मोठा वाटा फायब्रोस्कॅन आणि तीन वेळच्या खासगी तपासण्यांचा. वेळ काढता आला असता तर यातल्या बऱ्याच तपासण्या सरकारी रुग्णालयात झाल्या असत्या. ज्यांना सुट्टीचा प्रश्न नाही त्यांनी आधी सेंटरलाच विचारावं, काय मोफत होतं, कुठल्या वारी होतं, रक्त किती वाजेपर्यंत घेतात. उपाशी जायचं असेल तर डबा सोबत ठेवा. लांबून एसटीने येणाऱ्यांना परतेपर्यंत दुपार होते आणि चक्कर येते. आणि सेंटर गाठता येत नसेल, बोलायला कुणी नसेल, तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, मोफत क्रमांक आहे.

अजून सगळं झालेलं नाही. एसजीपीटी बायकांच्या मर्यादेच्या वरच आहे, साखर शंभराच्या वर आहे, कंबर ८९. पुढचा फायब्रोस्कॅन एप्रिल २०२६ मध्ये करायचा ठरलाय, त्याआधी सप्टेंबरमध्ये रक्त. त्या दिवशी विचारायचे प्रश्न मी हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत: पाळी थांबल्यावर हाडांची तपासणी लागेल का, टेनोफोव्हिरवर आहे म्हणून लघवीतलं प्रथिन बघायचं का, आणि यांनाही, एसजीपीटी २८ असला तरी वय ५२ आहे म्हणून, स्टॅटिन द्यावी का.